उठायचा कंटाळा

डॉक्टरीणबाईंनी माझ्या बायकोला डोळे मिटायला सांगितलं आणि एक छोटी बाटली उघडून तिच्या नाकाखाली धरली.

"कशाचा वास आहे, ओळखा बघू."

"साबण," बायको म्हणाली.

मी चार हात लांब खुर्चीवर बसलो होतो. मला तिथपर्यंत लवंगेचा वास आला.

"आणि हा?"

"हाही साबणच. दुसऱ्या कंपनीचा असेल."

ती कॉफी होती. तिसऱ्या बाटलीला तिने डोळे उघडले. "राहू द्या हो बाई. कशाला बाटल्यांची झाकणं उघडत बसताय? मला कसलाच वास येत नाही. नऊ वर्षं झाली."

नऊ वर्षं मी तिच्या हातचं जेवत होतो, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

ती सैन्यात ॲम्ब्युलन्स चालवायची. गाडीखाली सुरुंग फुटला तेव्हा तिचं डोकं दारावर आपटलं. वरून साधं खरचटलंही नाही. मागच्या दोघा जखमींना तिने एकटीने ओढून बाहेर काढलं. त्यातला एक वाचला. ती घरी आली तेव्हा सगळे म्हणाले, नशीबवान आहेस, बायको धडधाकट परत आली. हातपाय मोजून बोलत होते सगळे. मीही तेवढेच मोजले.

मग ती गोष्टी विसरू लागली. वाक्याच्या मध्येच थांबायची. दार आपटलं तर जमिनीवर बसायची, आणि नंतर दार आपटणाऱ्याला फाडून खायची. मला वाटायचं, फौजेत राहून हिला तोरा आलाय. एकदा तसं बोललोही.

मी फर्निचरला पॉलिश करतो. पूर्वी मी कामावरून आलो की ती ओट्याकडे तोंड करूनच म्हणायची, "आधी हात धुऊन या. स्पिरिटचा वास घरभर झाला." फौजेतून आल्यानंतर तसं कधी म्हणाली नाही. मला वाटलं, तिचं आपल्याकडे लक्षच राहिलं नाही. एका संध्याकाळी मी मागून जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने कोपर असं मारलं की माझा पुढचा दात गेला. पूर्वी मी जिन्यात असतानाच तिला कळायचं, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही. आलं ते दवाखान्यात, लवंगेच्या वासाने.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मार दोन ठिकाणी बसलाय. एक मेंदूला, तो फोटोत दिसतो. दुसरा मनाला, तो फोटोत येत नाही. राग, दचकणं, विसरणं, यातलं कुठलं कशामुळे हे आम्हालाही दर वेळी सांगता येत नाही. पण मुद्दाम करत नाहीत त्या."

"वास परत येईल?"

"नऊ वर्षांनंतर? अवघड आहे."

परत येताना आम्ही बसच्या थांब्यावर बसलो. मी म्हणालो, "मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? राग आधीच नाकावर होता, आता नाकाला तेवढंच काम उरलंय म्हणून?" ती हसली. मग तिने मला एकेक सांगायला सुरुवात केली. गॅसशेजारी गजराचं घड्याळ का ठेवायची. मी दूध पिताना माझ्या तोंडाकडे का बघायची. आणि दर थोड्या वेळाने, "अहो, जरा इकडे या, नळ गळतोय का बघा," म्हणून का बोलवायची. नळ कधीच गळत नसायचा. मी वैतागायचो. पण आत आल्यावर काही करपत असलं तर मी बोलायचो, आणि तिचं काम व्हायचं.

"आता मुलीला सांगू," मी म्हणालो. "तिचा राग तरी जाईल."

"नाही."

मुलीसाठीच तर आम्ही दवाखान्यात गेलो होतो. महिन्यापूर्वी ती पाच महिन्यांच्या नातीला आमच्याकडे ठेवून दोन तासांसाठी बाहेर गेली. बायकोने दूध तापत ठेवलं, गजर लावायला विसरली, आणि आतल्या खोलीत बाळापाशी बसली. मी कामावर होतो. मुलगी आली तेव्हा जिन्यापर्यंत वास येत होता. स्वयंपाकघरात धूर, पातेलं काळंठिक्कर, बाजूचं फडकं पेटलेलं. आणि आतल्या खोलीत, दार लोटून, आजी नातीला थोपटत गाणं म्हणत होती.

"एवढा वास येतोय आणि तू इथे गात बसलीस?"

"आला होता वास," बायको म्हणाली. "उठायचा कंटाळा आला."

मुलगी बाळाला उचलून निघाली. जिन्यातून ओरडली, "बाबा, आधी हिला डोक्याच्या डॉक्टरला दाखवा. तोवर माझी पोर या घरात यायची नाही." मी तेव्हाच जिना चढत होतो. मीही बायकोला वाटेल ते बोललो.

थांब्यावर मी तिला विचारलं, "कंटाळा आला, असं का म्हणालीस?"

"आळशी आईवर माणूस रागावतं. भांडतं. दोन वर्षांनी बोलायलाही लागतं. आजारी आईला फक्त विचारतं, औषध घेतलंस का? मला तसलं बोलणं नको. शब्द द्या."

मी शब्द दिला. बस आली.

त्या दिवसापासून मी जिन्यात कठड्यावर किल्ली तीनदा वाजवून वर यायचो. ती आतून ओरडायची, "या, पॉलिशवाले!" परत कधी कोपर बसलं नाही. एकदा विचारत होती, "बाळाचा वास कसा असतो हो? आपल्या पोरीच्या वेळचा आता आठवत नाही."

"दुधासारखा."

"ते कुणीही सांगेल. नीट सांगा ना."

मला नीट सांगता आलं नाही. म्हटलं, नात आली की हुंगून सांगतो. पण मुलगी काही तिला घेऊन आली नाही. फोन करायची, माझ्याशी बोलायची, आईला विचारलंय म्हणून सांगा म्हणायची. अशीच दोन वर्षं गेली, आणि बायको एका दुपारी कपडे वाळत घालताना हृदय बंद पडून गेली.

गेल्या आठवड्यात मुलगी आईचे कपडे आवरायला आली. नातीला शेजारणीकडे ठेवून आली होती. सवय. कपाट उघडून तिने आईचा राखाडी स्वेटर काढला, घडी घालता घालता थांबली आणि त्यात तोंड खुपसलं. बराच वेळ.

"बाबा, आईचा वास आहे अजून याला."

मी तोंड उघडलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. जिला शब्द दिला ती आता नाही. पण मुलगी रडत होती, आणि तिने आईला दोन वर्षं दारात उभं केलं नव्हतं. आता हे ओझं तिच्या डोक्यावर ठेवायचं, आणि ते उतरवायला आई कुठून आणायची? मी म्हणालो, "चहा टाकू?"

निघताना स्वेटर तिने पिशवीत घातला. चपला घालून उंबऱ्यात उभी राहिली.

"बाबा, तिला खरंच उठायचा कंटाळा आला होता का हो?"

"तुला उशीर होतोय," मी म्हणालो. "पोर वाट बघत असेल."

तिने पिशवी छातीशी धरली. मग जिना उतरून गेली.

मी अजून कामावरून येताना कठड्यावर किल्ली तीनदा वाजवतो. हात आपोआप जातो. आत गेल्यावर आधी हात धुतो. फोन टेबलावरच असतो, मुलीचा नंबर पहिलाच आहे.

तिला सांगायचं राहिलंय.