अल्लाडिनोने दिलेली काडी

मी पिलूच्या झाडाची, दातवणाची काडी बोलतेय. थरच्या वाळवंटात, तळ्याकाठच्या झाडाच्या मुळाशी मी वाढले. कराचीला मजुरीला निघाला त्या सकाळी अल्लाडिनोने मला खणून काढलं, दात घासायला आईच्या हाती दिलं आणि म्हणाला, "अम्मा, ही संपायच्या आत येतोच बघ."

पोरगं सहज बोलून गेलं. हाजरांअम्माने मात्र नवस केला: तो येईपर्यंत दातांना दुसरं काही लावणार नाही.

ओल्या फडक्यात ती मला जपायची. चघळून झिजलेला टोकाचा कुंचा कापायची, की आतला रसरशीत भाग वर यायचा. तिच्या हिरड्यांना माझा तिखट रस मानवला होता. पुढे अल्लाडिनोचा फोन लागेनासा झाला आणि तिने चाकू लावणंच सोडलं. कापलं की मी आखूड होणार ना!

माझा कुंचा वाळून काट्यासारखा झाला. रमजान लागला. रोजा धरून ती घासायची आणि थुंकीत रक्त दिसायचं. माझा जीव कासावीस व्हायचा.

"अम्मा, पेस्ट घे गं," लेक मूमल म्हणायची.

"नवस आहे माझा."

"कसला, तोंडाचं बोळकं करायचा?"

मूमल मिठी गावच्या कॉलेजात शिकते. एक दिवस तिने गुपचूप माझा कुंचा आणि त्याखालचा ओला तुकडा कापून नेला. संध्याकाळी कॉलेजातून काचेच्या तीन नळ्या घेऊन आली. तिन्हींत आधी एकच जांभळं पाणी होतं. ओल्या तुकड्याच्या रसाने ते पिवळं पडलं होतं. पेस्टचं जरासंच फिकटलं होतं. वाळल्या कुंच्याचं जांभळंच होतं.

"शरीराला आतून जो गंज चढतो ना अम्मा, त्याला अडवणारा रस असला की रंग उडतो. पेस्ट कीड आवरते, तिचं काम वेगळं."

अम्माने नळ्यांकडे पाहिलंच नाही. ती मला बोटांनी मापत होती.

"कापलीस? माझ्या लेकाचे परत यायचे दिवस कमी केलेस गं!"

मूमलचेही डोळे भरले. "भावाने दिलेला रस आत आहे, अम्मा. तू वाळलेलंच धरून बसलीस. रक्ताळलेलं तोंड बघायला येणार आहे का तो?"

रोजा सोडल्यावर अम्माने स्वतः चाकू घेतला, बिस्मिल्ला म्हणाली आणि माझी साल सोलली. रस जिभेला झोंबला. या वेळी थुंकी पांढरी होती.

आता मी जेमतेम बोटभर उरलेय. अल्लाडिनो, बाळा, तुझ्या आईने तुझा शब्द खरा मानलाय. मी रोज थोडी झिजतेय. लवकर ये रे.