नळातली थाळी

डोळे मिटा आणि समजा, तुमच्या दोन्ही हातांत एक लोखंडी दांडा आहे. तुमच्या पायांखाली मातीचा बांध आहे आणि बांधाच्या पोटात मांडीएवढा जाड नळ पुरलेला आहे. नळाच्या आत मधोमध एका आसावर गोल थाळी बसवली आहे. दांडा फिरवला की थाळी फिरते. ती नळात आडवी झाली की पाणी अडतं. तिनं पाण्याकडे नुसती कड केली की पाणी तिच्या दोन्ही अंगांनी निघून जातं. बांधाच्या एका बाजूला ठाण्याची खाडी भरतीला लागली आहे, दुसऱ्या बाजूला मिठागराचं पहिलं तळं कोरडं पडलं आहे. आता दांडा ओढा.

"अजून ओढ," नाथा म्हणाला, आणि गोदानं दांडा ओढला.

गोदा दहा वर्षांची होती. नाथा तिचा मामा. तो कल्याणला आगगाडीच्या इंजिनांसाठी पाणी चढवणाऱ्या पंपावर कामाला होता. तिथून भंगारात निघालेला हा नळ त्यानं बैलगाडीतून आणला होता आणि दांड्याशेजारी लाकडाची फळी रोवून तिच्यावर सारख्या अंतरावर चार रेघा कोरल्या होत्या.

नळ आणायला कारण होतं. आगरात, म्हणजे मिठागरात, प्रत्येक तळ्याला खाडीच्या बाजूनं एक दार असे. त्याला उघाडी म्हणत. उघाडी म्हणजे खाचेत सरकणारी जाड फळी. भरतीच्या जोरानं ती खाचेत अशी रुतून बसे की पुन्हा खाली दाबायला दोन गड्यांनी तिच्यावर उभं राहावं लागे. दाबता आली नाही तर खाडी आत घुसून मागच्या रांगेतल्या दहा घरांची तळी बुडवी. म्हणून रीत अशी होती की मार्गशीर्षातल्या पुनवेच्या उधाणाला प्रत्येक घरानं मुकादमासमोर आपली उघाडी उघडायची, तळ्यात चार बोटं पाणी घ्यायचं आणि बंद करून दाखवायची. ज्याच्याकडून हे होणार नाही, त्याचं आगर दुसऱ्या घराला जाई. गोदाचा बाप पावसाळ्यात तापानं गेला होता. घरात आता आई आवडाबाई आणि ती, दोघीच.

पहिल्या रेघेवर नळातून करंगळीएवढी धार आली. दुसऱ्या रेघेवर धार मनगटाएवढी झाली. नाथाला उघाडीची सवय होती. फळी वीतभर उचलली की वीतभर पाणी. त्यानं तोच हिशेब इथे धरला होता. पण तिसऱ्या रेघेवर पाणी एकदम उसळलं, तळ्याचा काठ कापत गेलं आणि आवडाबाईनं आठ दिवस पाय मारून घट्ट केलेला तळ चिखल होऊन वर आला. वर दांडा त्यांच्या हातांना हिसके देत होता. तो आणखी उघडेल या भीतीनं नाथानं तो सुंभानं बांधून धरला आणि मग सुंभ थोडा थोडा सोडत दोघांनी मिळून तो परत आणला.

महिपत मुकादम बांधावरून सगळं बघत होता. तो वाईट माणूस नव्हता, पण मागची दहा घरं त्याच्या जबाबदारीची होती.

"नाथा, हे आगगाडीचं खेळणं गाडीलाच बरं," तो म्हणाला. "पुनवेला सात दिस हायेत. नाय जमलं तर आगर काळुरामला जाईल, त्याच्या घरात चार गडी हायेत."

नाथाची सुटी संपली होती. जाताना बहिणीला तो म्हणाला की हट्ट धरू नकोस, नळ मी परत नेईन. आवडाबाईनं कासोटा खोचला आणि तळ पुन्हा पायांनी तुडवायला घेतला.

गोदानं दुसऱ्या दिवशी नळाच्या तोंडाशी मातीचं कडं घालून एक खळगा केला आणि त्यात बोटांच्या खुणा केलेली काठी रोवली. बांधात एक काळा दगड होता. खाडीचं पाणी त्या दगडाला टेकलं की ती दांडा थोडा ओढी आणि पाणी एक बोट चढेपर्यंत मोजत बसे. पहिल्या दिवशी साठ झाले. दुसऱ्या दिवशी दांडा थोडा पुढे, पाणी तितकंच, दगडही तोच, पंचेचाळीस झाले. मधल्या भागात दांडा जरा हलवला तरी आकडा झपकन उतरे, आणि शेवटी शेवटी तर दांडा कितीही ओढला तरी पाणी वाढतच नसे. तिनं फळीवर चुन्यानं आपल्या खुणा केल्या. सुरुवातीला लांब लांब, मध्ये दाटीवाटीनं, शेवटी एकही नाही. मामाच्या सरळ रेघांशेजारी त्या वेड्यावाकड्या दिसत होत्या.

चौथ्या दिवशी थाळीच्या कडेवर शेवाळ अडकलं, कारण थाळी उघडी असली तरी पाण्याच्या वाटेतच उभी असते. गोदानं नळापुढे खाडीकाठच्या तिवराच्या काटक्यांचं कुंपण घातलं. ते घालून तिनं पुन्हा दांडा ओढला, तेव्हा तो तिच्या हातून सुटला. ती दचकली, पण काही बुडालं नाही. पाण्यानंच थाळी ढकलत आडवी केली. राहिलेली धार तिनं दांड्याला टाच मारून थांबवली. मामाला जो हिसका वाटला होता, ती दांड्याची बंद होण्याची ओढ होती. तिनं दांडा पुन्हा तीनदा सोडून पाहिला. मग आईला सांगितलं.

"बारक्या भरतीला ठीक हाय," आवडाबाई म्हणाली. "उधाणाचं कोन सांगणार?"

पुनवेच्या दुपारी सगळं आगर बांधावर जमलं. काळुरामचे दोघे मुलगे आधीच कमरेला धोतर आवळून उभे होते. त्यातला एक म्हणाला की आगगाडीचं खेळणं बघायला आलोय, आणि हशा झाला. आवडाबाईनं नारळ खाडीला दिला आणि दांडा धरला. उधाणाला जोर जास्त, म्हणून गोदानं तिला एक खूण अलीकडे थांबवलं. पाणी एका लयीत आत आलं. काठ कापला गेला नाही. तळ हलला नाही. काठीवर एक बोट, दोन, तीन. महिपत वाकून काठीकडे बघत होता.

चौथं बोट बुडायला आलं तसा तो सरळ झाला.

"पानी बरोबर घेतलंस, आवडे. पन तू बायमानूस, आन हे उधाण. तुझा हात सुटला तर मागची दहा घरं जातील. मी त्यांना काय सांगू?"

आवडाबाईच्या हातांच्या शिरा ताणल्या होत्या. दांडा तिला बंदच्या बाजूला ओढत होता. तिनं लेकीकडे पाहिलं.

गोदा पुढे झाली आणि आईची बोटं एकेक करून दांड्यावरून सोडवू लागली.