डावीकडून दुसरी

नव्याण्णव सालच्या संक्रांतीला, कानडी मुलखातल्या आमच्या के. आर. पुरमच्या छोट्याशा मराठी मंडळाचं हळदीकुंकू झालं आणि त्याचे फोटो मी इंटरनेटवर लावले. मंडळात असं काही करणारी मी पहिलीच, आणि हे मी तेव्हा भेटेल त्याला ऐकवत होते. माझे यजमान दामोदर सरकारी कारखान्यात इंजिनियर. घरातला कॉम्प्युटर त्यांनी स्वतःसाठी आणला होता, पण शिकले मी. स्कॅनर असलेल्या दुकानात फोटो नेले, पान तयार केलं, तळाशी भेटी मोजणारा आकडा बसवला आणि त्याखाली लिहिलं, 'मांडणी: वल्लरी'. पंधरा वर्षं मंडळात चहा गाळूनही जे नाव कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, ते आता अमेरिकेत दिसणार होतं. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

त्यातला एक फोटो मथुराचा. मथुरा दोन वर्षांपूर्वी नागपूरहून आपल्या मुलीला, सिद्धीला घेऊन आली आणि आमची शेजारीण गंगव्वा, तिच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिली. पोळीभाजीचे डबे करायची. नवरा दुबईला आहे म्हणायची. दुबईहून कधी पत्र नाही, फोन नाही, आणि तिच्या उजव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटलेली. कोणी कानातलं ओढल्याशिवाय पाळी अशी फाटत नाही, हे आम्हा सगळ्या बायकांना कळत होतं. आम्ही कधी विचारलं नाही आणि त्यालाच चांगुलपणा म्हणत राहिलो.

फोटोच्या वेळी तिने पदर कानावरून घेतला होता.

"पदर मागे घे गं, चेहरा झाकतोय," मी म्हणाले.

"राहू द्या ना ताई."

"फोटो चांगला यायला नको का?"

तिने पदर मागे घेतला. मग हळूच विचारलं, "हा नागपूरले दिसन का?"

"नागपुरात कोणाकडे आलंय इंटरनेट?" मी हसले. "अमेरिकेतले लोक बघतील."

"मंग नाव नुसतं मथुरा लिहा."

यात न कळण्यासारखं काय होतं? पण आमच्या स्मरणिकेची एक पद्धत आहे. फोटोखाली 'डावीकडून' म्हणून सुरुवात करायची आणि प्रत्येकीचं नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव द्यायचं, पुढे राहण्याचा भाग. एखादीचं नाव अर्धं राहिलं तर ती वर्षभर तोंड फिरवते. चार पूर्ण नावांत ते एक अर्धं नाव माझ्या डोळ्यांना टोचायला लागलं. मथुरा उगाच संकोचली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली, मंडळाच्या सभासदांच्या वहीतून तिचं नाव शोधलं आणि लिहून टाकलं: डावीकडून दुसरी, सौ. मथुरा रघुजी डाखोरे, पुढे बसलेली कन्या सिद्धी, के. आर. पुरम.

सात वर्षांच्या सिद्धीला त्या पानाचं वेडच लागलं. शाळा सुटली की ती माझ्याकडे. फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उघडायचा. आधी गजरे, मग चेहरे, मग साड्या. ही पुढे मांडी घालून बसलेली, म्हणून सगळ्यांत शेवटी दिसायची. "आली, आली!" म्हणून टाळ्या पिटायची. पानाचा लांबलचक पत्ता तिने पाढ्यासारखा पाठ केला होता.

पानावर पाहुण्यांना अभिप्राय लिहायची सोय होती. मार्चमध्ये पहिला अभिप्राय आला, थेट न्यू जर्सीहून. 'फार सुंदर पान. डावीकडून दुसऱ्या माझ्या वहिनी. बऱ्याच दिवसांत भेट नाही. सिद्धीला कोणत्या शाळेत घातलं?' मी तो दामोदरना दोनदा वाचून दाखवला आणि त्याच संध्याकाळी सविस्तर उत्तर लिहिलं. वहिनी मजेत आहेत, सिद्धी हुशार आहे, शाळा अमुक, वर्ग दुसरी. मथुराला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं! ती नको म्हणाली असती आणि मला उत्तर लिहायचं होतं, म्हणून मी सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी भर दुपारी गंगव्वा दारात उभी.

"अक्का, बेगा बन्नी!" लवकर चला म्हणून ती धापा टाकत म्हणाली आणि माझा हात धरून मला शाळेकडे ओढत घेऊन गेली.

मथुराचा नवरा रघुजी शाळेत येऊन गेला होता. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याच्याकडे पुरावा मागितला, तर त्याने माझं पान छापून आणलेलं. फोटोत आई, पुढे मुलगी, खाली छापील अक्षरांत त्याचं स्वतःचं नाव. बाईंनी सिद्धीला दप्तरासकट त्याच्या हवाली केलं होतं. त्यांनी तो कागद मलाही दाखवला. तळाशी माझं नाव स्पष्ट दिसत होतं.

पोलीस म्हणाले, "बापानेच नेली ना? मग तक्रार कसली?" नागपूरच्या घराला कुलूप होतं. न्यू जर्सीच्या दिराने माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी आधी पानावरून तो फोटो काढून टाकला. मथुरासाठी काढला, असं मी म्हणत होते. खरं तर मलाच तो बघवत नव्हता.

आठवड्याने मथुरा आली. पदर मागे, कान उघडा. कॉम्प्युटरसमोर बसून म्हणाली, "फोटो दाखवा."

"काढून टाकला गं मी तो."

"कोणाले विचारून?"

मी कॉम्प्युटर सुरू करायला वाकले.

"नाव लिवताना तुम्ही माझं ऐकलं नाही. फोटो काढून टाकतानाबी विचारलं नाही." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तिले तो पत्ता पाठ आहे, ताई. कुठं कॉम्प्युटर दिसला तर ती तेच पान उघडन. अन् त्यात माय नसन तर?"

मी फोटो परत लावला. या वेळी ती शेजारी बसून सांगत होती आणि मी लिहीत होते. नाव नुसतं मथुरा. पुढे नुसतं सिद्धी. गंगव्वाच्या घरचा फोन नंबर. 'सिद्धी, मी इथंच आहे.'

"माझं नाव काढू का खालचं?" मी विचारलं.

"नको. कोणी केलं ते दिसू द्या."

आता ती रोज डबे पोचवून दुपारी येते. मी पान उघडते. गजरे, चेहरे, साड्या. शेवटी सिद्धी दिसेपर्यंत आम्ही दोघीही पडद्यावरून नजर हलवत नाही. मग मथुरा तळाच्या आकड्याकडे बघते. तो तिला रोज लक्षात असतो.

"काल चारशे अठरा होता," ती आज म्हणाली. "एक वाढला. कोणीतरी पाह्यलं."

तो रोज एकच वाढतो. पान उघडणाऱ्या मलाही तो आकडा मोजतो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.