सतरा नंबरची गृहभेट

सरकारी शाळेनं पडद्यावरचा वर्ग काढायचं ठरवलं तेव्हा शहरात सरळ दोन तट पडले. एक तट म्हणे, घरात बसून मुलं बिघडतील. दुसरा म्हणे, शाळेत जाऊन कोणती सुधारली होती? सभा झाल्या, पत्रकं निघाली, आणि शेवटी सगळ्यांनाच थोडंथोडं बरं वाटेल असा तोडगा निघाला. ज्याला हवं त्यानं घरी बसून शिकावं, मात्र महिन्यातून एकदा शाळेचा माणूस घरी येऊन मूल डोळ्यांनी बघून जाईल. मूल आहे, धडधाकट आहे, वही लिहितंय, एवढंच बघायचं. या उंबरे झिजवायच्या कामाला तरणी माणसं मिळेनात, म्हणून निवृत्त शिक्षकांना विचारलं. त्यांतले आपले मास्तर एका पायावर तयार झाले.

चौतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं होतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी दूरदेशी. दर रविवारी फोनवर नातू दिसायचा, "आजोबा" म्हणून हात हलवायचा आणि खेळायला पळायचा. उरलेले सहा दिवस मास्तर स्वतःशीच बोलायचे. आधी मनात, मग तोंडानं, आणि अलीकडे तर प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबण्यापर्यंत मजल गेली होती.

त्यांच्या वाट्याला तेवीस मुलं आली. इतक्या वर्षांच्या खोडीनं ते मुलांना हजेरीच्या नंबरानंच ओळखायचे. प्रत्येकाला दहा मिनिटं. चेहरा फोटोशी ताडायचा, वही चाळायची, दोन प्रश्न विचारायचे, सही घ्यायची, निघायचं. पाच नंबरला वर्गातल्या धुळीनं धाप लागायची, तो आता खिडकीजवळ निवांत बसून शिकत होता. अकरा नंबर बोलताना अडखळायची, वर्गात तोंड उघडलं की हशा पिकायचा. पडद्यावर ती लिहून उत्तरं द्यायची आणि सगळ्यांच्या आधी द्यायची. या दोघांकडून निघताना मास्तरांना वाटायचं, ही सोय ज्याच्या डोक्यातून निघाली त्याचं भलं होवो. सभेत हात वर करून भांडणाऱ्यांनी एकदा या घरांमधून फिरावं, असंही वाटायचं.

आणि मग यायची सतरा नंबर.

सतरा नंबर अकरा वर्षांची होती. तिच्या पायाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, वर्षभर ती अंथरुणावर होती, म्हणून शाळा घरी आली. पुढे पाय बरा झाला. चौथ्या मजल्यावरून ती दोन-दोन पायऱ्या गाळत खाली जायची आणि तशीच वर यायची. पण शाळा घरीच राहिली. आई इस्पितळाच्या धुलाईखात्यात होती, सकाळी सातला गेली की संध्याकाळी सातला यायची. सगळं सुरळीत चाललंय तर कशाला ढवळा, असं तिला वाटे. मुलीला कोंडून ठेवावं असं कुणाच्याही मनात नव्हतं. तिला बाहेर काढावं, हेही कुणाला सुचलं नव्हतं.

घरात कुणी मोठं माणूस असल्याशिवाय भेट घ्यायची नाही, असा नियम होता. म्हणून शेजारच्या काकू दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि पाचव्या मिनिटाला त्यांची मान छातीवर पडायची.

पहिल्या भेटीत सतराचे सगळे भागाकार चुकले होते. मास्तरांनी शांतपणे समजावून सांगितलं. दहाची पंचवीस मिनिटं झाली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या महिन्यात कचेरीतून प्रगतिपत्रक आलं, त्यात सतराला गणितात शंभरपैकी शंभर. मास्तर चक्रावले. पडद्यावर नक्कल करते की काय? पुढच्या भेटीत ती टेबलाखाली वाकून पेन्सिल शोधत असताना त्यांनी सहज विचारलं, "नऊशे बारा भागिले एकोणीस?"

"अठ्ठेचाळीस," टेबलाखालून उत्तर आलं.

मग त्यांनी वही नीट पाहिली. प्रत्येक उदाहरण शेवटून दुसऱ्या पायरीवर चुकलं होतं, आणि एकही चूक दुसरीसारखी नव्हती. इतकं नेमकं चुकायलासुद्धा गणित यावं लागतं. आपण जास्त वेळ बसावं म्हणून ही पोर रात्रंदिवस हुशारी खर्च करून चुका बनवते आहे, हे मास्तरांना कळलं.

त्यांनी काय केलं? काही नाही. उलट पुढच्या महिन्यापासून तिचं नाव गुरुवारच्या यादीत सगळ्यात शेवटी घातलं, म्हणजे मागे कुणी खोळंबायला नको. पंचवीस मिनिटांचा तास झाला. ती चुका करायची, ते सुधारायचे. मध्येच ती महिनाभर साठवलेलं बोलायची. वरच्या मजल्यावर नवे लोक आलेत, त्यांचा कुत्रा नुसता भुंकतो पण खाली येत नाही. समोरच्या इमारतीतले आजोबा रोज तीच खिडकी पुसतात. दोघंही ताकाला जाऊन भांडं लपवत होते, आणि दोघांनाही ते सोयीचं होतं.

"मास्तर, या पोरीचं गणित फारच कच्चं दिसतंय," काकू एकदा जागेपणी म्हणाल्या.

"हो, जरा वेळ द्यावा लागतो," मास्तर म्हणाले आणि त्यांचे कान गरम झाले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कचेरीतून एक फॉर्म आला. प्रत्येक मुलानं पुढच्या वर्षी घरीच शिकावं की वर्गात यावं, हे ठरवायला. त्यातला नववा प्रश्न असा होता: विद्यार्थ्यास एकटेपणा जाणवतो का? होय किंवा नाही, आणि कारण. भेट देणाऱ्यानं आपलं उत्तर लिहायचं, मुलानं पडद्यावर आपलं भरायचं. दोन्ही जुळलं तर प्रश्न मिटला. नाही जुळलं तर शेवटचा शब्द भेट देणाऱ्याचा. पालकाची सही लागायचीच, आणि सतराच्या आईनं 'शाळा म्हणेल तसं' लिहून सही करून ठेवली होती.

बावीस फॉर्म मास्तरांनी एका बैठकीत भरले. तेविसावा तीन दिवस टेबलावर पडून राहिला. 'होय' लिहिलं तर सतरा वर्गात जाणार आणि आपल्या यादीतून तिचं नाव जाणार. 'नाही' लिहिलं तर गुरुवार आपला. चौथ्या दिवशी त्यांनी पेन्सिलीनं 'नाही' लिहिलं. हुशार आहे, आनंदी आहे, चांगली शिकते आहे, खोटं काय आहे त्यात? असं त्यांनी स्वतःला मोठ्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बाहेर पडले.

त्या गुरुवारी सतराच्या वहीत भाषेचं एक पान कोरं होतं. वर प्रश्न लिहिलेला: मित्राशी किंवा मैत्रिणीशी झालेल्या भांडणाविषयी दहा ओळी लिहा.

"हे का नाही लिहिलंस?"

"भांडणच नाहीये सर."

"आईशी झालं असेल की."

"आई दमून येते. तिच्याशी कसं भांडायचं?"

"बरं, मागचं एखादं लिही."

"तिसरीत झालं होतं एक. पण कशावरून ते विसरले." तिनं पेन्सिल कानामागे खोचली. "तुम्ही भांडता का माझ्याशी? म्हणजे लिहिता येईल."

मास्तर हसले. आयुष्यभर त्यांनी हजारो भांडणं सोडवली होती, भांडायला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सतरानं दोन खुर्च्या शेजारी शेजारी लावल्या. हा बाक. ही खिडकीजवळची जागा. दोघांनाही तीच हवी.

"इथे मी बसणार," ती म्हणाली.

"नाही, मी बसणार," मास्तर म्हणाले.

"मी आधी आले होते."

"बरं बाई, मग तूच बस."

सतराचा चेहरा पडला. "असं नसतं सर. तुम्ही लगेच सोडून देता."

पुन्हा सुरुवात केली. मास्तरांनी आवाज चढवायचा प्रयत्न केला, पण समोर ती इतक्या आशेनं बघत होती की तिसऱ्याच वाक्याला त्यांनी परत जागा देऊन टाकली. चारदा झालं. चारही वेळा तीच जिंकली. शेवटी तिनं खुर्च्या जागेवर नेऊन ठेवल्या आणि समजूतदारपणे म्हणाली, "जाऊ दे. तुम्हाला नाही जमणार. मोठी माणसं माझं सगळं ऐकतात."

तक्रारीचा सूर नव्हता त्यात. म्हणून तर ते वाक्य मास्तरांना लागलं. जागा न सोडणारं, केस ओढणारं, दुसऱ्या दिवशी पुन्हा शेजारी येऊन बसणारं कुणीतरी या मुलीला हवं होतं, आणि आपण ते होऊ शकत नव्हतो. साठी उलटलेला मवाळ माणूस कितीही वेळ बसला तरी त्याचं तिच्या वयाचं मूल होत नाही. घरी आल्यावर त्यांनी पेन्सिलीचं 'नाही' खोडलं आणि शाईनं 'होय' लिहिलं.

आठवड्यानं कचेरीतून बोलावणं आलं. तिथल्या लेखनिक बाई त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनी, म्हणून मास्तरांना बसायला खुर्ची मिळाली.

"सर, सतरा नंबरचं जुळत नाहीये. तुमचं 'होय' आहे, पोरीचं 'नाही' आहे."

"कारण काय लिहिलंय तिनं?"

बाईंनी पडद्यावर बोट ठेवून वाचलं, "'महिन्यातून एकदा सर येतात.'"

"पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच."

बाई आवाज खाली करून म्हणाल्या, "पोरगी खूश दिसतेय की सर. तुम्हीही खूश आहात, सगळी कचेरी म्हणते. हवं तर नवा फॉर्म देते, 'नाही' लिहा, मी हा टाकून देते. कुणाचं काही अडत नाही."

त्यांना ते हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं, आणि न मागता कुणी आणून हातात ठेवावं तसं ते समोर आलं होतं.

"बाई, वर्षात शाळेचे महिने किती?" त्यांनी विचारलं.

"दहा."

"म्हणजे दहा तास. वर्षात दहा तास कुणीतरी येतं म्हणून ही पोर लिहितेय की मला एकटं वाटत नाही." त्यांनी फॉर्म बाईंच्या बाजूला सारला. "माझं होयच आहे. तिचं कारणच माझं कारण म्हणून लिहा."

बाईंनी लिहिलं. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.

सतराला हे कचेरीच्या पत्रानं कळू नये, म्हणून मास्तर दुसऱ्या दिवशी यादी नसताना तिच्याकडे गेले. काकूंना हाक मारून बसवलं. सतरानं दार उघडलं आणि आनंदानं वही काढायला धावली. त्यांनी तिला थांबवलं आणि सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी वर्गात जायचं. इथून तीन गल्ल्या सोडून शाळा आहे. पस्तीस मुलं आहेत.

"मी 'नाही' लिहिलं होतं," ती म्हणाली.

"मी 'होय' लिहिलं."

"का?"

"तुला इथे फार एकटं पडायला होतं म्हणून. तुला ते कळत नसलं तरी."

"मला कळतं," सतरा म्हणाली. "मला केव्हापासूनच कळतं. ते 'नाही' मी तुमच्यासाठी लिहिलं होतं. मी गेले तर तुम्ही कुणाकडे याल?"

"माझ्याकडे बावीस मुलं आहेत की."

"ती दहा मिनिटांची आहेत."

मास्तरांना वाटत होतं, आपण या पोरीची सोबत करतो आहोत. दोन वर्षं ती त्यांची सोबत करत होती, आणि पुढेही करायला, चार भिंतींत बसून, तयार होती. त्यांना विलक्षण लाज वाटली. कुठल्या तोंडानं तिच्याकडे बघावं ते कळेना. पण बघायला तर हवंच होतं.

"खरं आहे," ते म्हणाले. "मला करमणार नाही. गुरुवारी तर मुळीच नाही. पण ते माझं मी बघेन. ते तुझं काम नाही."

ती रडली नाही. खुर्चीच्या कडेवरचा रंग नखानं खरवडत बसली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तिथे मधल्या सुट्टीत कोण कुणाजवळ बसणार, हे कोण ठरवतं?"

"कुणी ठरवत नाही. ज्याचं त्यानं बघायचं."

"आणि कुणीच बसू दिलं नाही तर?"

चौतीस वर्षं त्यांनी मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून एकटी उभी राहणारी मुलं पाहिली होती. असं होणार नाही, हे तिला सांगणं म्हणजे थाप झाली असती.

"पहिले काही दिवस तसं होऊ शकतं," ते म्हणाले.

सतरानं मान हलवली. दारातल्या काकू आज जाग्या होत्या आणि पदर डोळ्यांना लावत होत्या. मास्तर उठले. जिन्यात त्यांना रडू आलं. दुसऱ्या मजल्यावर ते कठडा धरून थांबले, आणि वरून हाक येते की काय म्हणून थोडा वेळ तसेच उभे राहिले. हाक आली नाही. बरं झालं, असं ते स्वतःशी म्हणाले, आणि उरलेल्या पायऱ्या उतरून रस्त्याला लागले.