खिळ्यावरचा नान

टक... टक. जरा थांबून पुन्हा टक.

पहाटेच्या गारव्यात घर अजून झोपलेलं होतं. मेरिम दाराशी आली, तर सासूबाई बाकावर चढून ओसरीच्या भिंतीत खिळा ठोकत होत्या. हातात हातोडी नव्हती, जर्दाळूच्या बिया फोडायचा काळा दगड होता.

"आई, पडाल! द्या इकडे."

"पडायला माझी हाडं काय शहरातली आहेत?" म्हातारीने खिळा बोटाने हलवून बघितला. "जुना गंजून गेला. कुबात सैन्यात होता तेव्हा दोन वर्षं त्याचा नान इथे टांगलेला होता. दगडासारखा झाला होता, पण आल्यावर चहात बुडवून संपवलान."

घर सोडून जाणाऱ्याने नानचा एक घास तोडायचा आणि उरलेला नान घरच्यांनी टांगून ठेवायचा. परतून त्यानेच तो संपवायचा. तोवर तो नान माणसाला घराकडे ओढत राहतो. बातकेनच्या या गावात कुठल्याच घरातून कोणी हे केल्याशिवाय दूर गेलेलं नव्हतं.

आज जिबेक जाणार होती.

जिबेक सात वर्षांची. तिला जन्म दिला मेरिमने, पण वर्षाची होऊन दूध तुटलं तशी ती आजी-आजोबांच्या ओटीत गेली. पहिलं मूल त्यांचं, ही रीत. मेरिमवर कोणी जबरदस्ती केली नव्हती. रीत म्हटली की जबरदस्ती लागतच नाही. पुढे दुसरं मूल काही झालं नाही. त्या घरात आई एकच होती: कुबातची, मेरिमची आणि जिबेकचीही. जिबेकच्या लेखी बाप कुबात हा मोठा दादा आणि मेरिम ही दर उन्हाळ्यात बिश्केकहून बाहुली घेऊन येणारी वहिनी.

गेल्या थंडीत सासरे गेले. जूनमध्ये म्हातारीचा फोन आला, "मला अक्षरं दिसेनात. हिचा अभ्यास कोण घेणार? घेऊन जा आणि शाळेत घाला. सांगायचं ते तुम्हीच सांगा, मला नाही जमायचं." फोन ठेवल्यावर मेरिम भांडी घासत बसली, घासलेलीच पुन्हा.

निघताना जिबेकने तोंड वासून नानचा लचका तोडला. समोरचे दोन दात पडलेले, त्यामुळे घासाच्या मधोमध खुंटासारखा एक तुकडा तसाच राहिला.

"केवढा घास तो, हावरट!" कुबात म्हणाला.

"मोठा घेतला की लवकर परत येता येतं. हो ना गं आई?"

म्हातारी नान घेऊन आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली ती गाठोडं घेऊन. ते तिने स्वतः मागच्या सीटवर ठेवलं. "हे आत्ता उघडू नका. घाट चढून सुसामिरच्या कुरणात पोचलात की उघडा. जर्दाळू तिथल्या थंडीत गोड लागतात." मग जिबेकचं डोकं हुंगलं आणि कुबातला म्हणाली, "चला, सुटा आता. ऊन चढतंय."

नवरा-बायकोचं ठरलं होतं, वाटेतलं ओश येईपर्यंत जिबेकला खरं सांगून टाकायचं. ओश आलं आणि मागेही पडलं.

"तू सांग," कुबात पुटपुटला.

"मी का? आईचा मुलगा तू."

"अगं, पोटात तू वाढवलंस."

"आणि सासूबाईंच्या ओटीत घालताना मान कोणी डोलावली होती?"

कुबातने आरशात पाहिलं. जिबेक खिडकीला नाक लावून डुलक्या घेत होती. "उझगेनला सांगतो," तो म्हणाला. उझगेनला त्यांनी कलिंगड घेतलं.

ताशकोमुरच्या उघड्या डोंगरांत गाडी तापली. इंजिन थंड ठेवायला कुबातने हिटर लावला. बाहेर चाळीस अंश आणि आत गरम वाफा! जिबेक जागी झाली.

"दादा, तुला वेड लागलंय का? उन्हाळ्यात हिटर?"

"गाडीला थंडी वाजते."

"आमचं गाढवसुद्धा यापेक्षा जोरात चढतं. आणि त्याला हिटर लागत नाही."

मेरिम इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. कुबातने गिअरवरचा हात उचलून तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. आपल्या हसण्याचा शेवट रडण्यात होणार होता, हे त्याला कसं कळलं कोण जाणे.

रात्र तोक्तोगुलला काढली. झोपेत जिबेकने मेरिमची वेणी मुठीत धरली. रोज आईची धरत असेल. मेरिम सकाळपर्यंत कुशीवर वळली नाही.

दुसऱ्या दिवशी अलाबेलचा घाट चढून ते सुसामिरला उतरले. थंड वारा, हिरवं कुरण, तंबूंबाहेर घोडीच्या दुधाच्या बाटल्या मांडून बसलेल्या बायका. गवतावर चादर पसरली. कुबात कलिंगड कापायला घेऊन म्हणाला, "आता सांगच. इथून बिश्केक चार तासांवर आहे."

मेरिमने मान डोलावली. रात्रभर तिने वाक्य जुळवलं होतं. जिबेकच्या अंगात तिने स्वेटर घातला, एकेक बटण लावलं आणि शेवटच्या बटणावर बोट ठेवून म्हणाली, "जिबेक, तुला एक सांगायचंय. तू लहान होतीस ना, तेव्हा..."

"आधी जर्दाळू! आईने सांगितलंय इथेच उघडायचं."

तिने गाठ सोडली. जर्दाळू बाजूला सारले. तळाशी म्हातारीचा पांढरा डोईचा रुमाल होता, धुतलेला, घडी घातलेला. त्यात नान होता. दोन दिवसांत वाळलेला. एका कडेला मोठा घास तोडलेला आणि घासाच्या मधोमध खुंटासारखा तुकडा.

कुबातच्या हातातली सुरी कलिंगडात तशीच राहिली. मेरिमला ओसरीवरचा तो नवा खिळा दिसला. पक्का ठोकलेला आणि रिकामा. रात्रभर जुळवलेलं वाक्य तिला आता एक शब्दही आठवेना. ते म्हातारीने आधीच सांगून टाकलं होतं.

जिबेकने नान दोन्ही हातांनी उचलला. तोडलेल्या जागी जीभ लावून पाहिली, आपलेच दात आहेत का म्हणून. मग मागे वळून ज्या घाटातून आले त्या घाटाकडे बघितलं.

"वहिनी, माझा नान तर इथे आला," ती म्हणाली. "मग आता आई कोणाची वाट बघणार?"