डाव्या हाताचा पॉम-पॉम

मी एक जुना पॉम-पॉम आहे, नाचताना मुली हातात धरतात तो, आणि तोही डाव्या हाताचा. बाहेरून निळ्या-चंदेरी पट्ट्यांचा झुपका, आत प्लास्टिकची मूठ. त्या मुठीला तडा गेलेला आहे. मित्रांनो, ही सगळी कहाणी त्या तड्याचीच आहे.

कारखान्यातून आलो तेव्हा मी इस्त्री केल्यासारखा चपटा होतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका लहानशा गावातल्या हायस्कूलच्या नाचाच्या संघात रीत अशी, की आपले पॉम-पॉम आपणच फुलवायचे. ब्रिजेट वोल्फने मला मांडीवर घेऊन एकेक पट्टी चुरगाळली. दोन दिवस लागले, तिची बोटं हुळहुळली, तेव्हा कुठे मी फुगलो. मग सगळ्या मुलींप्रमाणे तिने मुठीवर पांढरी चिकटपट्टी गुंडाळून स्वतःचं नाव लिहिलं. ते नाव पट्ट्यांच्या आत दडलेलं असे; झुपका बाजूला सारून पाहिल्याशिवाय दिसत नसे. मला मात्र त्याचा भारी तोरा होता.

तोरा का नसावा? ब्रिजेट शेवटच्या वर्षाला होती आणि संघाची कॅप्टन होती. शरद ऋतूत फुटबॉलच्या मैदानावर, हिवाळ्यात बास्केटबॉलच्या मध्यंतरात आम्ही नाचायचो. एकाच ठोक्याला सोळा जणींची मनगटं वळत आणि सगळा निळा रंग चंदेरी होई. लोक बाकांवर उभे राहून ओरडत. मला वाटे, ते माझ्याच नावाने ओरडताहेत.

त्या संघात शेवटच्या वर्षाची प्रत्येक मुलगी एक 'धाकटी' निवडायची. ब्रिजेटची धाकटी होती कॅरिन टॉफ्ट. किडकिडीत, चष्मेवाली, नेहमी चुकीचा पाय आधी टाकणारी. शाळा भरण्याआधी ब्रिजेट तिला व्हरांड्यात शिकवायची.

"अगं, खांदे कानाला लावून काय नाचतेस? थंडी वाजतेय का?"

"वाजतेय. आणि तुझी भीतीपण वाटतेय."

"मग ठीक चाललंय! खांदे खाली."

प्रशिक्षक मिसेस ड्रेगर यांचा एक नियम होता: हिवाळ्यात पॉम-पॉम गाडीत ठेवायचे नाहीत, घरात न्यायचे. कडाक्याच्या थंडीत मूठ ठिसूळ होते. स्पर्धेच्या आठवड्यात जिची मूठ मोडेल, ती बाहेर बसेल आणि तिच्या जागी राखीव मुलगी नाचेल. दर सोमवारी हा नियम बोट नाचवून सगळ्यांना ऐकवायची कोण? आमची ब्रिजेटच.

आणि राज्यस्पर्धेच्या पाच दिवस आधी तीच मला डिकीत विसरली. सकाळी तिने मला उचललं आणि 'कट्' असा आवाज झाला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. नाव असलेल्या चिकटपट्टीवरून तिने आणखी चिकटपट्ट्या गुंडाळल्या आणि तोंड मिटून घेतलं. मला बोलता आलं असतं तर मी सांगून टाकलं असतं, असं म्हणायला काय जातं! खरं तर मलाही राज्यस्पर्धेत नाचायचंच होतं.

स्पर्धेच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत कॅरिन डोळे गच्च मिटून उभी होती. कुणीतरी तिच्या अंबाड्यावर केस बसवायचा फवारा मारत होतं. तिची पॉम-पॉमची जोडी बाकावर होती. ब्रिजेटने तिचा डावा पॉम-पॉम उचलला आणि तिथे मला ठेवलं. शिंक यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

रंग पालटायच्या त्याच ठोक्याला कॅरिनच्या हातात माझी मूठ फाकली. मी उडालो आणि जमिनीवर आपटलो. पडलेला पॉम-पॉम वाकून उचलायचा नाही, रिकामी मूठ आवळून नाचत राहायचं, हा शिरस्ता. कॅरिन तशीच नाचली, हसरा चेहरा ठेवून. मी पडल्या पडल्या बुटांचे तळवे बघत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंतिम फेरी अर्ध्या गुणाने हुकली.

परतीच्या बसमध्ये मागून कुणीतरी म्हणालं, "हातात धरता येत नसेल तर एखादीने घरी विणकाम करावं." मिसेस ड्रेगर एवढंच म्हणाल्या, की पुढच्या वर्षी कॅरिन राखीव असेल. ब्रिजेट पुढच्या बाकावर खिडकीबाहेर बघत होती.

घरी कॅरिनने माझ्या मुठीवरच्या चिकटपट्ट्या सोलल्या. आतलं नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि मला खणात ठेवलं. ती ओरडेल, फोन करेल, अशी मी वाट पाहत होतो. तिने कुणाकडे चकार शब्द काढला नाही.

मे महिन्यात शाळेच्या भोजनगृहात निरोपाचं जेवण झालं. मुलींच्या आयांनी हॅमची सँडविचेस आणि लिंबाच्या वड्या केल्या होत्या. त्या दिवशी मोठ्या मुली आपली जोडी धाकट्यांना देतात. ब्रिजेटने कॅरिनच्या हातात जोडी ठेवली आणि हळूच म्हणाली, "डाव्याची मूठ बघ."

"कशाला बघू? तिच्यावर माझं नाव आहे. तुझी मूठ माझ्याकडे आहे." कॅरिनने पिशवीतून मला बाहेर काढलं.

ब्रिजेटची मान लालबुंद झाली. "कधीपासून माहितीये तुला?"

"त्याच दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

"कॅरिन, माझं शेवटचं वर्ष होतं गं."

"माहितीये. मागितला असतास तर दिला असता मी."

कॅरिनने त्या जोडीतला आपला डावा पॉम-पॉम तेवढा उचलला. मला आणि माझ्या जोडीदाराला टेबलावर, सँडविचच्या ताटाशेजारी ठेवलं आणि ती जागेवर जाऊन बसली.

ब्रिजेट माईकपाशी गेली आणि तिने सगळ्या आयांसमोर सगळं सांगितलं. मिसेस ड्रेगरनी कॅरिनची जागा तिथल्या तिथे परत दिली. विणकामवाली मुलगी रडली. पण पुढच्या वर्षी निवड झाली तेव्हा कॅरिन आलीच नाही.

आता मी ब्रिजेटच्या घरी कपाटात असतो. परवा तिच्या लेकीने मला शोधून काढलं आणि विचारलं, "आई, ही मूठ चिकटवूया?"

"नको गं," ब्रिजेट म्हणाली. "राहू दे तशीच."

मित्रांनो, आपल्या वस्तू थंडीवाऱ्यात टाकू नका. तरीही एखादी मोडलीच, तर त्याच दिवशी सांगून टाका; थंडीने मूठ मोडणं हा काही मोठा गुन्हा नव्हता. आणि कुणाचं काही गुपचूप उचलावंसं वाटलं, तर आधी त्याला विचारून बघा. कदाचित तो हो म्हणेल.