विजेची वाट

चष्मेवाल्याची लेक ठकी साध्या तापाचं निमित्त होऊन गेली, तेव्हा नऊ वर्षांची होती. त्यानंतर तो विजांचे फोटो काढायला लागला. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे आणि रात्री आभाळ गडगडलं की कॅमेरा आणि त्याची तिपाई उचलून गच्चीवर जायचं. शटर बराच वेळ उघडं ठेवायचं; तेवढ्यात वीज चमकली तर फोटो, नाहीतर नुसता काळोख. बहुतेकदा काळोखच. जमलेले दोन त्याने दुकानात लावले होते. एक म्हातारं गिऱ्हाईक म्हणालं, "हे तर चष्म्याशिवाय दिसतंय, धंदा बसेल तुझा." तो हसला.

बायकोने मात्र ते फोटो कधी धड पाहिले नाहीत. लेक गेल्यापासून दोघांचं बोलणं दूध, गॅस आणि किल्ली एवढ्यावर आलं होतं. एकमेकांना जपता जपताच ती दोघं लांब गेली होती. तो वर गेला की ती अंथरुणात डोळे मिटून पडायची आणि प्रत्येक गडगडाटानंतर वर पावलं वाजतात का, ते ऐकायची.

एका रात्री वीज शेजारच्याच इमारतीवर कोसळली. खिडक्या थरथरल्या. वर पावलं वाजेनात. ती अनवाणीच जिना चढली. तो तिपाईपाशी उभा होता, धडधाकट.

तिने खाली चला म्हटलं. एवढा एक होऊ दे, म्हणाला.

"अहो, खरं सांगा. फोटोसाठी येता, की मरायला?"

त्याने कॅमेऱ्यावरचा हात काढला. मग म्हणाला, "पहिल्यांदा आलो, ते फोटोसाठी नव्हतं."

ती रडली नाही. त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "मग मीही इथेच थांबते. पडली तर दोघांवर पडू दे. मला एकटीला मागे ठेवायचं नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तिपाई मिटली.

आता कॅमेरा स्वयंपाकघराच्या खिडकीशी असतो. फोटोंत गज येतात, समोरची भिंत येते. दुकानात लावण्यासारखं काही निघत नाही. ती अंधारात त्याच्याजवळ स्टूल घेऊन बसते.

परवा तिने सहज विचारलं, "ठकी विजेला भ्यायची का हो?"

त्याला आठवेना. तिलाही आठवेना. त्या रात्री दोघं पहिल्यांदाच एकत्र रडली.